डबाबंदी

१

मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला होता आणि आम्ही सगळे त्याच्याभोवती असे बसलो होतो, की जणू तो आता तोंड उघडून जबानी देणार आहे.

हा डबा जेवणाचा नव्हे. हल्लीच्या पोरांच्या भाषेत डबा म्हणजे ते एनर्जी ड्रिंक. पत्र्याचं उंच नळकांडं, वर रागावलेल्या प्राण्याचं चित्र आणि आत हिरवंगार पाणी. ते प्यायलं की रात्रभर अभ्यास होतो आणि मग पुढचे दोन दिवस आपण काय अभ्यास केला ते आठवत बसावं लागतं. बाई हा शब्द गेल्या वर्षी शिकल्या होत्या, आणि नवी भाषा शिकलेला माणूस करतो तसं त्या तो संधी मिळेल तिथे वापरत होत्या. शाळेत त्यांनी ‘डबाबंदी’ मोहीम काढली होती. भिंतीभिंतीवर पाट्या होत्या. मुलं मधल्या सुट्टीत जिथे जेवायला बसत, तिथे तर चांगली हातभर पाटी होती: ‘डब्याला नाही म्हणा.’ तिच्याखाली बसून मुलं निमूट आपापला डबा खात.

“मला दुःख याचं होतं,” बाई म्हणाल्या, “की हिनेच असं करावं.”

‘हिनेच’ म्हणजे माझ्या मेहुण्याची सोळा वर्षांची मुलगी. रात्र रात्र जागायची म्हणून घरात तिला घुबडी म्हणतात. मागच्या वर्षी ती रोज ते हिरवं पाणी पीत होती. झोप गेली, हात कापायला लागले, कारण नसताना रडू यायला लागलं. एकदा बसथांब्यावर तिला वाटलं, आपण आता मरणार. मग तिने ते आपणहून सोडलं, आणि सगळ्या शाळेसमोर उभं राहून कसं सोडलं ते सांगितलं. बाईंच्या मोहिमेची ती पोस्टरवरची मुलगी होती. आणि काल हीच पोस्टरवरची मुलगी चित्रकलेच्या वर्गात धडधडत्या छातीने स्टुलावरून खाली कोसळली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, अंगात भरपूर कॅफीन गेलंय.

“मी प्यायले नाही,” घुबडी म्हणाली. तिने हे इतक्या वेळा म्हटलं होतं, की शब्दांचे कोपरे झिजले होते. “डबा नाही, चहा नाही, कॉफी नाही. काही नाही.”

“हा तुझ्या दप्तरात होता.”

“तो कधीचा आहे.”

“आणि चित्रकलेच्या सरांनी स्वतः पाहिलंय. खिडकीशी बसून तू डबा संपवलास, आणि थोड्या वेळात थरथरायला लागलीस. सर खोटं बोलत नाहीत. त्यांना तेवढा उत्साहच नाही.”

नियम साधा होता. शुक्रवारी पालक-समितीसमोर तिने गुन्हा कबूल करायचा, म्हणजे माफी मिळेल आणि परीक्षेला बसता येईल. नाकारत राहिली तर शाळेतून नाव कमी. समितीचा अध्यक्ष कोण, तर तिचा बापच. तो तिच्या शेजारी बसला होता. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“राणी, कबूल कर गं. एकदा कबूल केलंस की सुटलीस. मी आहे ना.”

माझी बायको म्हणजे घुबडीची आत्या. तिने आयुष्यभर लोकांचे दात काढले आहेत. ‘अजिबात दुखणार नाही’ या एका वाक्यावर तिने घर बांधलं. काल दवाखान्यात सगळ्यांनी घुबडीचा हात धरला होता. हिने पोरीला तोंड उघडायला लावलं होतं. आता तिने टेबलावरचा डबा उचलला, आत बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि ते माझ्या रुमालाला पुसलं. रुमालावर विटकरी डाग पडला. तो अजून गेलेला नाही.

“ही पोर खरं बोलतेय,” ती म्हणाली.

“ताई, मलाही तसंच वाटायला हवंय गं,” मेहुणा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

२

मेहुणा गाडी शिकवतो. त्याच्या गाडीत शेजारच्या सीटखाली आणखी एक ब्रेक आणि आणखी एक क्लच आहे. शिकणाऱ्याला वाटतं गाडी आपण चालवतोय, आणि हा शेजारी बसून गालातल्या गालात हसत पाय ठेवून असतो. त्या दिवशी शाळेतून परतताना गाडी तोच चालवत होता आणि ब्रेक माझ्या पायाशी होता. वळणावर माझा पाय दोनदा त्यावर पडला.

“भाऊजी, पाय वर,” तो म्हणाला. त्या रडवेल्या अवस्थेतही त्याला ते कळलं.

त्याला डोळे पुसायला काहीतरी द्यावं म्हणून मी समोरचा कप्पा उघडला. त्यात रुमाल नव्हते. गोळ्यांची पाकिटं होती. वर जागं राहिलेल्या ट्रक ड्रायव्हरचं प्रसन्न चित्र.

“जागरणाच्या गोळ्या?” मी विचारलं.

“लांबच्या प्रवासाला लागतात कधी,” तो म्हणाला, आणि हात लांब करून त्याने कप्पा मिटला.

मागच्या सीटवरून बायकोने आरशात भावाकडे पाहिलं.  मला फक्त एवढंच आठवलं, की याला अंधारात दिसत नाही म्हणून आमच्या लग्नाच्या वाढदिवसालाही तो दिवेलागणीच्या आत घरी पळाला होता.

“घरात सकाळचं सगळं मीच बघतो,” तो सांगत होता. त्याची बायको नर्स. ती पहाटे ड्यूटीवर जाते. “उठवणं, आवरून देणं, शाळेत सोडणं. वेण्या तेवढ्या जमत नाहीत. डबे सोडल्यावर ताई, पोर अशी झोपायला लागली की बघत राहावं. पुस्तकावर डोकं ठेवून झोपायची. मार्क घसरले. मी एका शब्दाने बोललो नाही. आणि आता कुठे वर यायला लागली होती, तर हे.”

घरी घुबडी खोलीत गेली आणि तिने आत्याला हाताने खेचून आत घेतलं. दार अर्धवट उघडं होतं, आणि मी दाराशी जोडे काढत होतो. जोडे काढायला मला बराच वेळ लागतो, विशेषतः आत कुणी बोलत असेल तर.

“आत्या, एक विचारू? हसायचं नाही.”

“दात दिसतील म्हणून मी हसतच नाही. विचार.”

“झोपेत पीत असेन का मी? म्हणजे उठून, दुकानात जाऊन, मला न कळता? कारण ते होतं खरं. छाती धडधडते, बोटं कापतात, वाटतं छत खाली येतंय. ते खोटं नाही. आणि मी प्यायले नाही तेही खोटं नाही. मग मधे काहीतरी माझ्याच डोक्यात बिघडलंय ना?”

“रोज होतं?”

“शाळेत. दुपारी. रविवारी नाही होत.”

“रविवारी माझी नजर असते ना,” बाहेरून मेहुण्याचा आवाज आला. तो स्वयंपाकघरातून पाण्याचा ग्लास घेऊन येत होता. “घरात डबा येतोच कुठून. हेच तर म्हणतोय मी, राणी. म्हणून म्हणतो, कबूल कर.”

घुबडीने बापाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “करते. बाबा एवढं म्हणतोय तर मी प्यायलेच असेन.”

सोळा वर्षांची पोर स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला निघाली होती. बायको उठली. “शुक्रवारपर्यंत काही कबूल करायचं नाही,” ती म्हणाली. “दात काढायच्या आधी कुठला दुखतोय ते बघतात.”

३

शाळेसमोरच्या कोपऱ्यावर ते डबे विकणारं दुकान आहे. दुकानदार वजनदार आणि समाधानी गृहस्थ. दुकानातल्या फ्रीजमध्ये हिरवी फौज उभी होती, आणि फ्रीजवर बाईंची पाटी: ‘डब्याला नाही म्हणा.’

“बाईंनी स्वतः चिकटवली,” तो म्हणाला. “तेव्हापासून खप वाढला. तुमची पोरगी? छे हो. ती मागेच बंद झाली. माझं नुकसान झालं तेव्हा लक्षात राहतंच.”

“दुसरं कुणी तिच्यासाठी नेतं?”

“ती टकळी नेते. पण ती दुसऱ्याला देईल होय? स्वतःलाच पुरत नाहीत तिला.”

टकळी म्हणजे घुबडीची सख्खी मैत्रीण. ती दुकानाच्या पायरीवरच बसली होती आणि हातात डबा होता. बायकोने तिला पाहिल्याबरोबर म्हटलं, “आ कर.”

एखाद्या दंतवैद्याचा आवाज काय करतो बघा. पोरीने आधी आ केला आणि मग विचारलं, “का?”

जीभ कैरीच्या सालीसारखी हिरवी होती.

“किती दिवस राहतो हा रंग?”

“घासून निघत नाही. दुसऱ्या दिवशीही असतो. म्हणून तर आम्ही बाईंसमोर तोंड उघडत नाही. बाईंना वाटतं शिस्त लागली.”

“तू तिच्या पाण्यात हे मिसळलंस?”

“मी?” टकळी उठून उभी राहिली. “आणि मी का माझा डबा तिला देऊ? तिने सगळ्या शाळेसमोर सांगितलं, ‘माझ्या एका मैत्रिणीने मला सवय लावली.’ नाव नाही घेतलं म्हणे! सगळ्या शाळेने माझ्याकडे मान वळवली, आता नाव घ्यायचं काय राहिलं होतं? तेव्हापासून मी तिच्याशी बोलत नाही. नीट बोलत नाही. म्हणजे कामापुरतं बोलते.”

“जेवायला एकत्र बसता?”

“बसायचो. काकांचा चॉकलेटपाव असायचा ना, पावाला चॉकलेट लावलेला. मी निम्मा खायचे. हल्ली तो कडवट लागतो. ती म्हणते डार्क चॉकलेट आहे, बाबा म्हणतो डोक्याला चांगलं असतं. असेल बाई डोक्याला चांगलं, जिभेला नाही.” ती जरा थांबली. “चाचणीच्या दिवशी शेवटचा खाल्ला. त्या दिवशी आईने माझे डबे फेकून दिले होते, एकही प्यायले नव्हते, तरी अशी धडधड झाली की पेपर लिहिता येईना. भीती असेल.”

“असेल,” बायको म्हणाली. तिचा चेहरा एक्स-रे बघताना होतो तसा झाला होता. “निम्मा म्हणजे नक्की किती खाल्लास?”

“निम्मा म्हणजे निम्म्याहून जास्त. आता तुम्हाला म्हणून सांगते.”

चालता चालता मी म्हटलं, “पोरगी साफ आहे. मग उरलं कोण?”

“तुमचा रुमाल दाखवा,” ती म्हणाली. तिने विटकरी डागाकडे पाहिलं आणि रस्ता ओलांडून सरळ शाळेत शिरली.

४

चित्रकलेचे मास्तर रिकाम्या वर्गात टेबलावर ठेवलेल्या एका भोपळ्याकडे बघत बसले होते. भोपळाही त्यांच्याकडे बघत होता. दोघांत भोपळा जास्त बोलका वाटत होता.

खिडकीच्या कट्ट्यावर पत्र्याच्या रिकाम्या डब्यांची रांग होती. प्रत्येकात पाणी, आणि पाण्यात कुंचले.

“हे मुलांचे?” बायकोने विचारलं.

“हो. कुंचले धुवायला. घरून आणतात. मोहिमेमुळे सध्या तुटवडा नाही.”

“घुबडीचा विटकरी रंगाचा?”

“ती भांडी रंगवते मातीची. तिला विटकरी लागतो. तिचा दप्तरात होता, तो नेला बाईंनी. आता ती कुंचले कशात धुणार, हे कुणी मला सांगितलं नाही.”

म्हणजे टेबलावरचा तो ठळक पुरावा कुंचल्याचा पेला होता. पण मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांनी तिला पिताना पाहिलं होतं, त्याचं काय?

“सर, तुम्ही बाईंना काय सांगितलंत? शब्दाला शब्द सांगा.”

“सांगितलं, की मधल्या सुट्टीत ती इथे खिडकीशी बसली होती. डबा संपवला. मग जरा वेळाने थरथरायला लागली.”

“कसला डबा?”

मास्तरांनी पहिल्यांदा भोपळ्यावरून नजर काढली. त्यांना कुणीतरी लाल रंग म्हणजे काय असं विचारलं असावं, तसं त्यांनी बघितलं.

“डबा. डबा म्हणजे डबा. जेवणाचा. दुसरा कसला असतो?”

वर्गात कुंचल्यांवरून पाणी ठिबकत होतं. सगळ्या शाळेत भाषा न शिकलेला एकच माणूस होता, आणि सगळ्या शाळेने त्याची साक्ष नव्या भाषेत ऐकली होती.

“काय होतं डब्यात?” बायकोने विचारलं. आवाज एकदम खाली गेला होता.

“पाव होता. चॉकलेटचा. सबंध खाल्ला. तोंड वाकडं करून खाल्ला, पण सबंध. मला वाटलं, कुणीतरी प्रेमाने दिला असेल.”

बाहेर आल्यावर बायको व्हरांड्याच्या पायरीवर बसली. तिच्या गुडघ्यांना पायरी चालत नाही, तरी बसली. मी म्हटलं, “अगं, मग सुटली ना पोर? ती खरंच प्यायली नाही.”

“हो. ती प्यायली नाही,” ती म्हणाली. “माझ्या धाकट्या भावाला, बाळ्याला, पहिला घास मी भरवला होता. आई आजारी होती तेव्हा. थुंकला होता त्याने.”

आणि मग मलाही कळलं.

५

शुक्रवारी दुपारी त्याच टेबलाभोवती आम्ही बसलो. अध्यक्षाच्या खुर्चीत मेहुणा, शेजारी मुख्याध्यापिकाबाई, समोर घुबडी. तिच्या हातात कबुलीचा कागद होता. दाराशी चित्रकलेचे मास्तर उभे होते. बायकोने त्यांना ‘शेवटपर्यंत थांबा’ असं सांगितलं होतं, आणि ते कशाच्या शेवटपर्यंत ते त्यांनी विचारलं नव्हतं.

बायकोने पिशवीतून घुबडीचा जेवणाचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

“बाई, मास्तरांनी हा डबा पाहिला,” ती म्हणाली. “हा. खाण्याचा. तुमच्या पाट्यांनी शब्द पळवला, म्हणून घोटाळा झाला. तो दुसरा डबा कुंचले धुवायचा आहे, आत बोट घालून बघा. शिवाय ते पाणी प्यायलं तर जीभ दोन दिवस हिरवी राहते. त्या दिवशी दवाखान्यात मी पाहिली, गुलाबी होती.”

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान डोलावली. आपण पाट्या किती छापल्या होत्या ते बहुधा बाईंना आठवलं असावं.

“पण मग कॅफीन गेलं कुठून?”

“ज्या डब्यातून गेलं, त्यातूनच. रविवारी शाळा नाही, डबा नाही, धडधड नाही. मैत्रिणीने निम्मा पाव खाल्ला, तिचीही धडधड. पाव कडू लागायला लागला, तेव्हापासून हिचे मार्क वर गेले.” तिने डब्याचं झाकण उघडलं. आत चॉकलेट लावलेल्या पावाचे दोन काप होते. “हे घुबडीच्या बरणीतलं आहे. आज सकाळी लावलं. बाळ्या, एक घे.”

मेहुणा हसला. “आत्ता? ताई, सभा चालू आहे.”

“सभेत खातात. समित्या त्यासाठीच असतात. घे. अजिबात काही होणार नाही.”

तोच स्वर. त्याच स्वरात तिने चाळीस वर्षं लोकांना खुर्चीत बसवलं होतं. मेहुण्याने काप उचलला, तोंडाजवळ नेला. घुबडी त्याच्याकडे बघत होती. मला वाटतं तिला त्या क्षणी एवढंच हवं होतं: त्याने खावं. वेड्या आत्याचा तर्क चुकावा. आपल्याच डोक्यात बिघाड निघाला तरी चालेल, पण त्याने खावं.

“खा ना, बाबा,” ती म्हणाली.

त्याने काप परत डब्यात ठेवला. नीट, दुसऱ्या कापावर बरोबर बसेल असा. आणि झाकण लावलं.

 मग तोच बोलला, टेबलाकडे बघत. “जागरणाच्या गोळीची थोडीशीच पूड असायची. ड्रायव्हर लोक घेतात, काही होत नाही त्यांना. ती झोपत होती, ताई. सगळ्या वर्गाची पोरं जागी, आणि ही झोपत होती. डबे नको म्हणाली, मी मान्य केलं की. उलट अभिमान वाटला मला. मी फक्त… हात नाही लावला स्टिअरिंगला. नुसता पाय ठेवून होतो.”

“आणि ती कोसळल्यावर?” बायकोने विचारलं.

“त्याच दिवशी बरणी फेकली. शपथ.”

“माहीत आहे. पण मी ती शोधून काढली असेल, असं तुला वाटलं. ही मी काल कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतली, घुबडीच्या नावाने.” बायकोने झाकण काढलं, त्याने ठेवलेला काप उचलला आणि खाल्ला. सावकाश, चावून. “गोड आहे.”

‘अजिबात काही होणार नाही’ असं जन्मभर खोटं बोलून तिने लोकांचा विश्वास मिळवला. त्या दिवशी ते पहिल्यांदा अक्षरशः खरं होतं, आणि नेमका त्याच दिवशी सख्ख्या भावाने त्यावर विश्वास ठेवला नाही.

घुबडी रडली नाही. तिने हातातल्या कागदाची घडी केली, आणखी एक घडी केली.

“गोळ्यांचं राहू दे,” ती म्हणाली. “मी तुला विचारत होते ना रोज, बाबा, मला वेड लागतंय का. तू मांडीवर डोकं घेऊन थोपटायचास. तुला माहीत होतं. आणि तू मला म्हणालास, कबूल कर.”

  घडी केलेला कागद तिने त्याच्यासमोर ठेवला, अध्यक्षासमोर ठेवतात तसा.

बाईंनी घसा साफ केला. “मग… सभेच्या वृत्तांतात काय लिहायचं?”

“लिहा,” मास्तर दारातून म्हणाले, “डबा म्हणजे डबा.”

६

घुबडी आता आमच्याकडे राहते. तिची आई ड्यूटी संपली की येते आणि पोरीशेजारी आडवी होते. पुष्कळदा दोघीही झोपून जातात, आणि मी चहाचे कप परत नेतो. परीक्षा झाली. मार्क बरे पडले. फार बरे नाहीत, झोपलेल्या माणसाला पडतात तेवढे. घुबडी हे नाव बदलावं असं आमच्या मनात आहे, पण दुपारी बारापर्यंत झोपणाऱ्या पक्ष्याचं नाव आम्हाला सुचत नाही.

टकळी येते. दोघी नीट बोलतात, म्हणजे भांडतात. टकळीची जीभ हल्ली पोपटी असते. आत्याच्या मते ही प्रगती आहे.

एक गोष्ट मात्र राहिली. घुबडी घरात काही खात नाही, जोपर्यंत दुसऱ्या कुणी आधी खाल्लं नाही. ती तसं म्हणत नाही. ताट पुढे घेऊन पाणी पिते, खिडकीतून बघते, चमचा पुसते. माझ्या बायकोच्या ते पहिल्या दिवशीच लक्षात आलं. तेव्हापासून ही तिच्या ताटातला पहिला घास स्वतः उचलते, “मीठ बघते” म्हणून. बिस्किटातलंही मीठ बघते.

रविवारी मेहुणा येतो. फाटकापाशी गाडी लावतो, उतरतो, आणि बिस्किटांचा पुडा घेऊन दाराशी उभा राहतो. बंद पुडा. दुकानातलं सील शाबूत आहे हे दिसेल असा, हातात उलटा धरून. घुबडी तो घेते, “थँक यू, बाबा” म्हणते आणि फडताळात ठेवते. फडताळात आता पुड्यांची चळत झाली आहे. एकही उघडलेला नाही. तो थोडा वेळ बसतो, माझ्याशी रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल बोलतो आणि दिवेलागणीच्या आत निघतो.

गेल्या रविवारी तो गेल्यावर ती बराच वेळ फडताळासमोर उभी होती. ही जेवणाचं मांडत होती.

“आत्या, हे दुखायचं थांबेल ना?”

मी वर्तमानपत्र खाली केलं. त्या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर आहे. जन्मात दुसरं मी ऐकलेलं नाही.

“नाही,” ही म्हणाली. “दुखेल. बरेच दिवस दुखेल.”

घुबडीने तिच्याकडे पाहिलं. मग ती येऊन बसली, ताट पुढे ओढलं, आणि हिचा हात मीठ बघायला पुढे येण्याआधीच जेवायला लागली.